कागदाआधी लेकरू

मुंबईच्या फुटपाथवर आईच्या कुशीत झोपणारी तीन वर्षांची मुलगी आपल्या दोन कायद्यांना दोन तऱ्हांनी दिसते. २०१५ चा बाल न्याय कायदा म्हणतो की ज्या मुलाला घर नाही, राहण्याची ठरलेली जागा नाही आणि पोट भरण्याचं साधन दिसत नाही, ते ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. महाराष्ट्रात अजूनही लागू असलेला १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा म्हणतो की पोट भरण्याचं साधन दिसत नसताना, भिकेवर जगत असावी अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकणारी किंवा थांबलेली व्यक्ती भीक मागते आहे असं धरता येतं. मुलगी संरक्षणाची हक्कदार, आणि जवळपास त्याच कारणासाठी तिची आई गाडीत घालून नेण्याजोगी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची दिल्लीतली प्रमुख कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तो जिवंत आहे.

या दोन कायद्यांच्या मधे एक साधी गोष्ट हरवते. त्या मुलीला आई आहे. बहुतेक वेळा बापही आहे. ते दोघं काम करतात. गजरे विकणं, नाक्यावर उभं राहून मिळेल ती मजुरी, लग्नाच्या हॉलमागे भांडी घासणं, भंगार वेचणं. नाही ते फक्त घर. बाकी कुटुंब पूर्ण आहे.

माझं म्हणणं असं : सहा वर्षांखालचं मूल घेऊन रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला सरकारने दरमहा रोख मदत द्यावी, भाड्याच्या खोलीसाठी एकदा डिपॉझिटची रक्कम द्यावी, आणि हे दोन्ही रहिवासाच्या कागदावर अडू देऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. पैशाची तरतूदही बरीचशी आधीच आहे. अडलं आहे ते आपल्या फॉर्ममध्ये.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२ पासून ‘प्रायोजकत्व’ नावाची मदत आहे, एका मुलामागे महिन्याला ४,००० रुपये. मूल संस्थेत न जाता आपल्या घरच्यांबरोबर वाढावं हा तिचा हेतू, आणि पात्र मुलांच्या यादीत घर नसलेली मुलंही आहेत. महाराष्ट्राची स्वतःची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिची रक्कम २०२३ मध्ये ११०० वरून २२५० रुपये झाली. तिच्या उद्देशातच ‘अनाथ, निराश्रित, बेघर’ मुलं असा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर पाहिलं तर ती तीन वर्षांची मुलगी कोणाच्याही आधी यात बसते.

आता बालसंगोपनाच्या अर्जाला काय जोडावं लागतं ते पाहा. आधार कार्ड, रेशन कार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. आणि पालकाने मुलांसोबत घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. त्यानंतर सामाजिक कार्यकर्त्याची गृहभेट आणि तिचा अहवाल. विधवा आईला, कोविडमध्ये बाप गेलेल्या मुलांना ही योजना खरोखर उपयोगी पडली आहे, गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तिच्यासाठी जीव तोडून काम केलं आहे, हे मला मान्य आहे. पण जिच्या उद्देशात बेघर मूल आहे त्या योजनेचा अर्ज घराच्या दारापाशी उभं राहिल्याशिवाय पुरा होत नसेल, तर कुणाच्या मनात दुष्टावा नसतानाही ते मूल बाहेरच राहणार.

बाकी योजनांचीही हीच गत आहे. लेक लाडकी योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने एक लाख एक हजार रुपये मिळतात, पण कुटुंबाकडे पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड हवं. लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये. तिथे रहिवासाचा पुरावा म्हणून १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालतो, आणि बँक खातं आधारला जोडलेलं लागतं. ज्या बाईचा जन्म पालावर झाला, जी शाळेत गेली नाही, जिचं माहेरच्या रेशन कार्डावर नाव कधी चढलंच नाही, तिने यातलं काय आणायचं? मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. दुसरा मुलगा झाला किंवा तिसरं मूल झालं तर काही नाही. ‘तिसरं होऊ का दिलं’ हा प्रश्न कुणी आईला विचारू शकेल, त्या बाळाला विचारू शकणार नाही.

अन्नाचं उदाहरण तर जास्त बोलकं आहे. २०११ साली संसदेत मांडलेल्या अन्नसुरक्षा विधेयकात निराश्रितांना रोज एक मोफत जेवण आणि बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरातून परवडेल अशा दरात जेवण, अशा तरतुदी होत्या. २०१३ मध्ये कायदा झाला तेव्हा त्या गळाल्या होत्या. उरलं ते माणशी पाच किलो धान्य, रेशन कार्डावर. फुटपाथवर तीन विटांच्या चुलीवर शिजवणाऱ्या बाईला धान्य साठवायला डबा ठेवायची जागाही नसते हा पुढचा भाग.

कागद का नसतात, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, कारण घरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही आळसाची गोष्ट वाटते. फुटपाथवर कागद टिकत नाहीत. ‘गाडी आली’ असं कुणी ओरडलं की पहिलं लेकरू उचललं जातं, मग भांडी, मग गोधड्या. प्लास्टिकच्या पिशवीतलं आधार कार्ड, बाळाचं लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे केसपेपर हे बोचक्याबरोबर महापालिकेच्या गाडीत जातात आणि तिथून पुढे त्यांचा माग लागत नाही. उरलेले जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात जातात. पुन्हा काढायचे तर दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभं राहायचं, आणि खिडकीवरचा माणूस पहिलाच प्रश्न पत्त्याचा विचारतो. एजंट पैसे घेऊन कुणाचा तरी पत्ता लावून देतो. पुढे तपासणीत तो पत्ता खोटा ठरला की बाई फसवणूक करणारी ठरते. या फेऱ्यातून स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडलेली कुटुंबं आहेत, आणि त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादी चिवट संस्था किंवा एखादी चिवट अंगणवाडी ताई आहे. सरकारची योजना अशा नशिबावर चालता कामा नये.

पत्त्याशिवाय माणूस खरा आहे हे ठरवायचं कसं, असा प्रामाणिक प्रश्न अधिकारी विचारतात. त्याचं उत्तर भारताच्याच एका घटनात्मक संस्थेकडे बरीच वर्षं आहे. बेघर माणसाने मतदार यादीत नाव घालण्यासाठी अर्ज केला, तर निवडणूक आयोगाच्या नियमानुसार मतदान केंद्रस्तरीय अधिकारी अर्जात लिहिलेल्या जागी रात्री जातो आणि तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे पाहतो. एकाच रात्री नाही, एकापेक्षा जास्त रात्री. खात्री पटली की रहिवासाचा कागद मागायचा नाही, असं नियमच सांगतो. हा नियम प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळला जातो हा वेगळा विषय आहे. पण तत्त्व मान्य झालेलं आहे. माणूस जिथे झोपतो ते त्याचं ठिकाण, आणि ते डोळ्यांनी पाहणं हा पुरावा. मतासाठी जो पुरावा पुरतो तो बाळाच्या दुधासाठी का पुरू नये, याचं उत्तर मला कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही.

मुलं किती आहेत? जनगणनेत बेघरांची मोजणी वेगळी होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात १७ लाख ७३ हजार बेघर माणसं मोजली गेली, त्यातली सुमारे ९ लाख ३८ हजार शहरांत. मुंबईत साधारण ५७ हजार. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्था आणि अ‍ॅक्शनएड ही स्वयंसेवी संस्था यांनी मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांची गणना प्रसिद्ध केली. ती संख्या ३७,०५९ होती. तिच्यात दिवसभर रस्त्यावर काम करून रात्री वस्तीत जाणारी मुलंही होती, म्हणून हे दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून वजाबाकी करता येत नाही. एका रात्रीच्या मोजणीत काय सुटत असेल याचा अंदाज मात्र येतो, कारण त्या रात्री पोलिसांनी हुसकलेली वस्ती मोजणीतही नसते.

त्याहून गंभीर गोष्ट कुपोषणाच्या आकड्यांची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश आढळली. हे सर्वेक्षण घरांची यादी करून त्यातून निवडलेल्या कुटुंबांत जातं. ज्यांना घरच नाही त्यांची मुलं या टक्केवारीत येतच नाहीत. राज्यातल्या सर्वांत उपाशी मुलांचं वजन राज्याच्या सरासरीत धरलेलं नाही, आणि आपण ती सरासरी पाहून योजनांचं यशापयश मोजतो.

सहा वर्षांखालच्या मुलांवर मी भर देतो त्याचं कारण आहे. सहा वर्षांनंतर शिक्षण हक्क कायदा आहे, शाळा आहे, दुपारचा पोषण आहार आहे. मूल शाळेत नसेल तर निदान कुणीतरी शिक्षक त्याला शोधायला बांधलेला आहे. त्याआधीची सगळी जबाबदारी अंगणवाडीवर, आणि अंगणवाडी चालते ठरलेल्या कार्यक्षेत्रात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये सांगितलं की वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं असतील तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. पण पुलाखाली चाळीस मुलं एका ठिकाणी नसतात. दहा असतात, बारा असतात, आणि दोन महिन्यांनी ती पुढच्या सिग्नलला गेलेली असतात. मेंदूची, हाडांची, भाषेची वाढ याच वर्षांत होते. या काळात जे राहून जातं ते पुढे शाळेतल्या खिचडीने पुरतं भरून निघत नाही.

‘ही माणसं गावी का जात नाहीत’ हा प्रश्न मुंबई-पुण्यात सर्रास ऐकू येतो. त्याचं उत्तर १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात दिलं गेलं आहे. १९८१ मध्ये अंतुले मुख्यमंत्री असताना भर पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवासीयांना बसमध्ये घालून बाहेर काढायची मोहीम निघाली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने मान्य केलं की माणसं फुटपाथवर राहतात ती कामाच्या जवळ राहण्यासाठी, आणि त्यांना तिथून उठवणं म्हणजे त्यांचं पोट काढून घेणं. जगण्याच्या हक्कात उपजीविका येते हे त्या निकालाने कायमचं ठरवलं. तरी फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने काढला नाही. त्या निकालाचा पहिला अर्धा भाग विद्यार्थी परीक्षेत लिहितात, दुसरा अर्धा भाग रस्त्यावर राबवला जातो.

१९७२ च्या दुष्काळात माणसं आली, नंतरच्या प्रत्येक दुष्काळात आली. मुंबई, ठाणे, पुण्याच्या फुटपाथवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांत पारधी कुटुंबं लक्षणीय आहेत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मतः शिक्का मारला आणि १९५२ साली कायदा गेला तरी ज्यांच्यावरचा संशय गेला नाही, ती ही माणसं. गावात पाल टाकलं की आजूबाजूच्या पहिल्या चोरीला पोलीस त्यांच्याकडे येतात. यांना ‘गावी जा’ म्हणणाऱ्यांनी कोणत्या गावी ते सांगावं.

सरकारचं नेहमीचं उत्तर निवारागृह हे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून दिलेल्या आदेशांनुसार आणि २०१३ च्या शहरी उपजीविका अभियानानुसार दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांचा एक कायमस्वरूपी निवारा हवा. २०११ च्या लोकसंख्येने मुंबईला सव्वाशेच्या आसपास निवारे लागतील. आहेत ते त्या मानाने फारच थोडे, आणि त्यांत नवरा, बायको, लेकरं एकत्र राहू शकतील असे हाताच्या बोटांवर मोजावेत. बापाने एका इमारतीत झोपायचं, आईने लेकीला घेऊन दुसऱ्या, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तिसऱ्याच, अशी व्यवस्था असेल तर कुठलंही कुटुंब पुलाखालीच राहील. मीही राहीन. एकट्या वृद्धांसाठी, आजाऱ्यांसाठी, घरातून मारून हाकललेल्या बाईसाठी निवारे हवेतच आणि आहेत त्याच्या कितीतरी पट हवेत. कुटुंबाला मात्र खोली लागते. दाराला आतून कडी लागते अशी खोली.

आणि मुंबईत खोली म्हणजे डिपॉझिट. गोवंडी, मानखुर्द, मालवणीकडे दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं दोघांच्या मजुरीतून ओढूनताणून निघू शकतं. निघत नाही ते सुरुवातीला एकरकमी टाकायचे पंचवीस, तीस, पन्नास हजार. रोजच्या रोज कमावून रोजच्या रोज खाणाऱ्याकडे, ज्याला पैसे ठेवायला कुलुपाची पेटीसुद्धा नाही, त्याच्याकडे एवढी रक्कम एका वेळी कधीच येत नाही. आली तरी सावकाराकडून येते. वर्षानुवर्षं फुटपाथवर राहूनही महिन्याच्या शेवटी खोलीच्या भाड्याएवढा खर्च करणारी कुटुंबं आहेत. अंघोळीचे पैसे, संडासाचे पैसे, पाण्याच्या हंड्याचे पैसे, मोबाइल चार्जिंगचे पैसे, रोज सुट्टं घेतलेलं तेल-मीठ, आणि जागेवर बसू देण्यासाठी कुणाला तरी द्यावे लागणारे पैसे.

भाडं आणि डिपॉझिट सरकारने द्यावं ही मागणी या शहराला नवी नाही. तानसा जलवाहिनीच्या कडेची घरं पाडून ज्यांना माहुलच्या प्रदूषणात पाठवलं, त्या कुटुंबांना महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये डिपॉझिट द्यावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. झोपडपट्टी पुनर्वसनात इमारत उभी राहीपर्यंत झोपडीधारकाला बिल्डरने भाडं द्यायचं असतं, ते थकलं की मोर्चे निघतात आणि निघायलाच हवेत. म्हणजे घर मिळेपर्यंत माणूस रस्त्यावर राहू नये म्हणून त्याच्या हातात भाडं द्यावं, हे मुंबईला पूर्ण ठाऊक आहे. फक्त ते ज्याच्याकडे पाडायला झोपडी होती त्याच्यासाठी. ज्याच्याकडे तेवढीही नव्हती त्याच्या वाट्याला गाडी येते.

पैसे दिल्याने काय होतं याचे पुरावे आहेत. अमेरिकेत बारा ठिकाणच्या २,२८२ बेघर कुटुंबांवर एक मोठा सरकारी अभ्यास झाला, सगळी मुलंबाळं असलेली, निवारागृहात आलेली कुटुंबं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. काहींना दीर्घकाळ भाड्याची मदत, काहींना नेहमीची व्यवस्था. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा भाड्याची मदत मिळालेल्यांत पुन्हा बेघर होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं होतं, बायकांना होणारी मारहाण कमी होती, मुलांच्या शाळा कमी वेळा बदलल्या होत्या. एकूण खर्च नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा साधारण ९ टक्क्यांनीच जास्त आला. आपल्याजवळचं उदाहरण मध्य प्रदेशातलं आहे. असंघटित क्षेत्रातल्या कष्टकरी बायकांच्या ‘सेवा’ संघटनेने २०११ च्या सुमारास आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला २०० आणि मुलामागे १०० रुपये महिना, पुढे ३०० आणि १५०, कोणतीही अट न घालता दिले. पैसा अन्नावर, औषधावर, शेतीवर, शाळेवर गेला. दारूवरचा खर्च वाढलेला दिसला नाही. गाव आणि फुटपाथ सारखे नसतात हे खरं, पण लेकराच्या ताटात आधी काय पडावं याबद्दल आईचं मत दोन्हीकडे सारखंच असतं.

तरी दारूचा आक्षेप येणारच. रस्त्यावरच्या काही बापांना दारूचं, व्हाइटनरचं व्यसन आहे, ते मी नाकारत नाही. काही ठिकाणी पैसे हिसकावले जातील. म्हणून पैसे आईच्या खात्यात जावेत, आणि तिच्या बाजूने उभी राहणारी एक ठरलेली बाई त्या वॉर्डात असावी. पण या आक्षेपातला दुजाभाव मला सहन होत नाही. लाडकी बहीण योजनेचे पैसे दोन कोटींहून जास्त बायकांना देताना कुणी त्यांच्या नवऱ्यांच्या दारूचा हिशेब मागितला नाही. मागू नयेच. मग हा हिशेब फक्त पुलाखालच्या बाईकडे का?

दुसरी भीती अशी की पैसे मिळतात म्हटल्यावर माणसं मुलं घेऊन रस्त्यावर येतील. महिना चार हजारांसाठी कुणी आपलं छप्पर सोडून डासांत, गाड्यांच्या धुरात, रात्री अंगावर येणाऱ्या हातांच्या भीतीत लेकरू झोपवत नाही. एकदोघं खोटे लाभार्थी निघाले तर निघतील. प्रत्येक योजनेत निघतात.

तिसरी अडचण मला खरी वाटते. पैसे हातात असूनही खोली मिळणार नाही. आडनाव ऐकून, भाषा ऐकून, मुलं मोजून घरमालक नाही म्हणेल. पारधी म्हटल्यावर तर दारातूनच परत पाठवेल. रोख रक्कम हा संशय विकत घेऊन संपवू शकत नाही. इथे महापालिकेने स्वतः जामीन राहायला हवं. करार वॉर्ड ऑफिसच्या नावाने, डिपॉझिट घरमालकाच्या खात्यात थेट, आणि कुटुंबाने खोली सोडली की ते महापालिकेकडे परत. म्हणजे ती रक्कम बुडीत खर्च नाही, दुसऱ्या कुटुंबासाठी फिरती राहील. जिथे तरीही दार उघडणार नाही तिथे सरकारी भाड्याची घरं द्यावी लागतील, आणि ती कामाच्या जवळ असावी लागतील. माटुंग्याला गजरे विकणाऱ्या बाईला शहराच्या टोकाला घर दिलं तर ती पंधरा दिवसांत माटुंग्याच्या पुलाखाली परत येईल, आणि मग आपण म्हणू की यांना घर दिलं तरी राहत नाहीत.

खर्चाचा अंदाज सांगतो. तो माझा अंदाज आहे आणि मुद्दाम चढा धरलेला आहे. मुंबईत सहा वर्षांखालची १० हजार मुलं रस्त्यावर आहेत असं धरू. मुलामागे ४,००० रुपये म्हणजे वर्षाला ४८ कोटी. सहा हजार कुटुंबांना प्रत्येकी ५० हजारांचं डिपॉझिट म्हणजे एकदाच ३० कोटी, तेही परत येणारे. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. हजार रुपयांतला जेमतेम एक रुपया. लाडकी बहीण योजनेसाठी राज्याने त्याच वर्षी ३६,००० कोटी ठेवले. शिवाय वात्सल्यमधल्या रकमेचा मोठा वाटा केंद्र देतं. हे पैसे नाहीत असं कुणी म्हणू शकत नाही.

सुरुवात प्रसूतिगृहापासून व्हावी. रस्त्यावर राहणाऱ्या बऱ्याच बाया बाळंतपणाला सायन, नायर, केईएम, कूपर अशा पालिकेच्या रुग्णालयांत येतात. तिथे बाळाची जन्मनोंद होते, आईच्या केसपेपरवर पत्त्याच्या जागी ‘अमुक स्टेशनबाहेर’ असं लिहिलेलं असतं. तो केसपेपर म्हणजे सरकारच्याच हाताने लिहिलेला पुरावा आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळेपासून आधारपर्यंतचा मुख्य कागद झाला आहे, त्यामुळे तो डिस्चार्जच्या दिवशीच आईच्या हातात पडला पाहिजे आणि त्याची प्रत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे राहिली पाहिजे. त्याच दिवशी तिचं शून्य रकमेचं जनधन खातं आणि आधारची नोंदणी तिथेच करता येते. डिस्चार्जनंतर तिला शोधत फिरण्यापेक्षा ती खाटेवर असताना हे करणं किती सोपं आहे, हे त्या वॉर्डातली कुठलीही सिस्टर सांगेल.

बाकीच्या मुलांसाठी रात्रीची पाहणी. येत्या जनगणनेत फेब्रुवारी २०२७ मध्ये बेघरांची मोजणी होईल, पण तिच्यातली वैयक्तिक माहिती १९४८ च्या जनगणना कायद्याने गोपनीय असते आणि ती तशीच राहिली पाहिजे. ती यादी योजनेसाठी वापरता येणार नाही. म्हणून महिला व बालविकास विभागाने आपली वेगळी यादी करावी, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका आणि या वस्त्यांत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संस्थांना सोबत घेऊन. पोलिसांना नाही. त्या पाहणीच्या आधी आणि नंतर महिनाभर महापालिकेने त्या जागांवर सामान उचलणारी गाडी पाठवू नये, असा लेखी आदेश आयुक्तांनी काढावा, नाहीतर माणसं यादी करणाऱ्यांना पाहूनच पळतील. सेविकांना या रात्रीच्या कामाचा वेगळा भत्ता मिळाला पाहिजे. त्यांच्या मानधनात आणखी एक काम फुकट टाकून ही योजना उभी करणं अन्याय होईल.

आणि बालसंगोपनाच्या अर्जातला घरासमोरचा फोटो काढून टाकायला तर एक शुद्धिपत्रक पुरे. विभागाच्या सचिवांच्या सहीने ते एका दिवसात निघू शकतं. रहिवासी दाखल्याच्या जागी ‘दोन रात्रींच्या पाहणीचा अहवाल’ आणि गृहभेटीच्या जागी ‘कुटुंब जिथे राहतं त्या जागी भेट’, एवढे दोन बदल त्याच शुद्धिपत्रकात बसतात.